देवाला सांगितलेला पत्ता

एका जंगलात एक साळुंकी राहत असे, आणि ती जिथे राहत असे तिथे दुसऱ्या कुणाचं काही लपून राहत नसे. ती स्वभावाने वाईट होती असं मुळीच समजू नका, मुलांनो. कुणाच्या घरी आजारपण आलं की सगळ्यात आधी तीच धावून जायची. आणि कुणाच्या घरी आजारपण आलंय हे जंगलाला सगळ्यात आधी तिच्याकडूनच कळायचं. दोन्ही कामं ती सारख्याच मायेनं करी.

हे जंगल ख्रिस्ती होतं. हसू नका. तिथल्या प्रत्येक घराण्याचं म्हणणं असं, की महापुराच्या वेळी आमचे पूर्वज त्या मोठ्या तारवातून उतरले, तेव्हा आमच्याइतकं जुनं विश्वासू कुणी नाही. ससे तर सांगत की तारवातली खिडकीजवळची जागा आमचीच होती. दर रविवारी उंबराखाली उपासना भरे आणि बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा. पाळक होता म्हातारा करकोचा. काळ्या-पांढऱ्या पिसांमुळे त्याला वेगळा झगा शिवावा लागला नव्हता, आणि त्याला फारसं बोलता येत नसल्यामुळे त्याचे संदेश सगळ्यांना आवडत. 'आमेन' म्हणायचं काम रानगव्याकडे होतं. गवा 'आमेन' म्हणाला की पलीकडच्या टेकडीवरची बोरं टपाटपा गळून पडत, आणि ती वेचायला सशांची पोरं पळसाचे द्रोण घेऊन आधीच जाऊन बसलेली असत. बोरं कोणत्या महिन्यात पिकतात असलं काही मला विचारू नका. आमेन दणदणीत असलं की बोरं केव्हाही पिकतात.

बुधवारच्या सभेची एक रीत होती. आधी एक गीत व्हायचं. मग पाळक चोच उचलून विचारायचे, "कुणाची काही विनंती?" मग ज्याचं त्याने आपलं दुःख सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. किती चांगली रीत! साळुंकीने तिच्यात एवढाच बदल केला, की स्वतःचं दुःख सांगण्याऐवजी ती दुसऱ्यांचं सांगू लागली.

"एका भगिनीविषयी माझ्या मनावर ओझं आहे," ती मान तिरकी करून म्हणे. "नाव घेत नाही. बाभळीवर राहते आणि शेपटी झुबकेदार आहे, एवढंच सांगते. तिच्या थोरल्याला शेजाऱ्यांच्या शेंगा उचलायची सवय लागलीय. मी चहाडी करत नाही हं, प्रार्थनेसाठी सांगते."

सगळे डोळे मिटून खारीकडे बघत. मिटल्या डोळ्यांनी कसं बघायचं हे शिकायचं असेल, तर अशा सभेला एकदा जाऊन बसावं.

"कुणाच्या शेंगा गं?" ससा हळूच विचारी. "नीट सांग, म्हणजे नीट प्रार्थना करता येईल."

आणि साळुंकी नीट सांगे. बिचारी खार घरी जाऊन थोरल्याला बडवे आणि पुढच्या बुधवारी स्वतःच सगळ्यात पुढे येऊन बसे, कारण आज कुणाचं निघणार हे तिलाही ऐकायचं असे. करकोच्याला हे सारं खटकत असे. पण देवाशी बोलणं चाललंय, त्यात आपण मध्येच कसं तोंड घालायचं, असं मनाशी म्हणून तो टेकलेला पाय वर घेई आणि वरचा खाली टेकवी.

सभेत सगळ्यात मागे, वारुळाला टेकून, एक मुंगूस बसे. त्याची गोष्ट वेगळी होती. ईस्टरच्या सकाळी त्याने सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष दिली होती. "मी जन्मभर पाखरांची अंडी चोरली," तो म्हणाला होता. "आजपासून सोडली. मला सांभाळून घ्या." त्या दिवशी टाळ्यांनी उंबराची पानं झडली. तेव्हापासून तो ओढ्यातले खेकडे आणि दगडाखालचे किडे खाऊन राहत होता. वाळला होता. पण दर बुधवारी यायचा, पुढचे पाय जुळवायचा, डोळे घट्ट मिटायचा. त्याचे डोळे मात्र खरोखर मिटलेले असत.

आता टिटवीकडे या. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. उघड्या माळावर, चार खडे इकडेतिकडे सारून, तिथेच ती अंडी घालते. अंड्यांचा रंग असा की मातीत माती होऊन जातात. शेजारून बैल गेला तरी त्याला दिसत नाहीत. भिंत नाही, दार नाही. ती अंडी तिथे आहेत हे कुणाला ठाऊक नसणं, एवढंच तिचं कुलूप.

त्या उन्हाळ्यात तिचा नवरा ससाण्याने उचलला. अंड्यांवर पाळीपाळीने बसायचं काम तिच्या एकटीवर आलं. दुपारी माळ तव्यासारखा तापे. मग ती धावत डोहावर जाई, पोटाची पिसं पाण्यात भिजवी आणि तशीच निथळत परत येऊन अंड्यांवर बसे, म्हणजे आतली पिल्लं उकडून जाऊ नयेत. अशाच एका फेरीत साळुंकी तिला डोहावर भेटली.

"टिटवे, चार बुधवार झाले, सभेला आली नाहीस ती? पाळकसाहेब विचारत होते," साळुंकी म्हणाली. पाळकसाहेबांनी विचारलं नव्हतं. पण ही लहानशी भर घालायची तिला सवयच होती.

"कशी येऊ बाई? घरी कोण बसणार?" टिटवी पाण्यात पोट घुसळत म्हणाली. आणि मग कितीतरी दिवसांत कुणाशी बोलली नव्हती म्हणून की काय, तिने सगळं सांगून टाकलं. कुठे अंडी घातली, केव्हा पाण्यावर येते, परत जाईपर्यंत काळजात कसं धडधडतं. शेवटी म्हणाली, "माझी एवढी आठवण ठेव प्रार्थनेत. कुणीतरी आपल्यासाठी प्रार्थना करतंय म्हटलं की धीर येतो गं. पण हे कुणाला सांगू नकोस हं. तुला बहीण समजून बोलले."

साळुंकीच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिने टिटवीच्या मानेवर चोच ठेवली. "वेडी का तू? देवाशिवाय कुणाच्या कानावर जाणार नाही," ती म्हणाली.

आणि तिने शब्द पाळला. तिच्या हिशेबाने पाळलाच.

बुधवार आला. गीत झालं. पाळकांनी विचारलं, "कुणाची काही विनंती?" साळुंकी चोच मिटून बसली. खारीने तिला ढोसलं, सशाने खाकरून बघितलं, तरी ती काही सांगेना. "सांगण्यासारखं नाही. वचन दिलंय," ती म्हणाली. झालं! सगळ्या सभेचे कान टवकारले. वचन दिलंय म्हणजे काहीतरी मोठं असणार. आणि सगळे आपल्याकडे बघताहेत हे साळुंकीला दिसलं. इथे ती उडून गेली असती तर ही गोष्ट मला सांगावीच लागली नसती.

ती उभी राहिली. तिने डोळे मिटले, पंख जरासे उघडले आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली.

"हे दयाळू प्रभू, तुझ्या त्या विधवा लेकराकडे बघ! टिटवीकडे बघ, प्रभू! ओढ्यापलीकडच्या माळावर, तांबड्या खडकाच्या उगवतीच्या अंगाला, खुरट्या करवंदीच्या जरा अलीकडे तिची चार अंडी आहेत, प्रभू, आणि ती एकटी आहे! ऊन डोक्यावर आलं की ती पोट भिजवायला डोहावर जाते, तेव्हा त्या अंड्यांजवळ कुणी कुणी नसतं रे प्रभू! त्यांच्यावर तूच नजर ठेव!"

फार सुंदर प्रार्थना होती. सशीण मुसमुसली. खार म्हणाली, "किती मनापासून!" गव्याने असं आमेन ठोकलं की टेकडीवर बोरांचा सडाच पडला. करकोच्याने या पायावरून त्या पायावर भार घेतला. मागे वारुळापाशी मुंगसाचे जुळवलेले पाय सुटले होते, पण तिकडे कुणी बघितलं नाही. त्या दिवशी सगळ्यांचे डोळे साळुंकीवर होते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी माळावरून टिटवीची ओरड आली. एरवी ती ओरडते तेव्हा जंगल म्हणतं, ओरडू दे, तिला सवयच आहे. त्या दिवशी ओढ्यात पाणी पिणाऱ्या जनावरांनी तोंडं वर केली. सगळ्यात आधी कोण पोचलं असेल? साळुंकीच.

टिटवी आपल्या जागेवर बसली होती. तिच्याखाली टरफलं होती. पोटाची पिसं ओलीचिंब होती आणि त्यांतलं पाणी ठिबकून टरफलांवर पडत होतं.

"आज लवकर आले होते," ती म्हणाली. "बघ ना, पोटसुद्धा नीट भिजवून आणलं होतं."

साळुंकीला काही सुचेना. अशा वेळी काही न सुचणं किती बरं असतं! पण बोलल्याशिवाय तिला राहवत नसे. "देवाची इच्छा, टिटवे," ती म्हणाली. "त्याच्या मनात काहीतरी चांगलंच असणार." टिटवीने मान वळवून तिच्याकडे एकदा पाहिलं. साळुंकी बराच वेळ तिथे बसली आणि मग, खरं सांगायचं तर, ही बातमी द्यायला निघाली.

पुढच्या बुधवारी सभा भरली तेव्हा टिटवी आली होती. पुढच्या रांगेत बसली. "आता मला वेळच वेळ आहे," ती कुणाला तरी म्हणाली. तिच्याजवळ बसायला कुणाला धीर होईना.

गीत संपायच्या आतच मागून मुंगूस उठला आणि सगळ्यांमधून चालत पुढे आला. त्याच्या मिशा खाली लोंबत होत्या.

"पाळकसाहेब, अंडी मी खाल्ली," तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना टिटवीकडे वळल्या.

"मी शोधायला गेलो नव्हतो. ईस्टरपासून मी माळावर पाऊलसुद्धा टाकलं नाही, कारण मला माझी ओळख आहे. इथे येऊन बसलो की तेवढा वेळ तरी वाचतो, म्हणून मी येत होतो. त्या बुधवारी मी इथेच होतो. डोळे मिटून प्रार्थना ऐकत होतो, आणि प्रार्थनेतच मला खडक दिसला, करवंदी दिसली, दुपार दिसली. घरी गेलो तरी तेच. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर खेकडे धरायला निघालो, अर्ध्या वाटेत पाय वळले." तो थांबला. "खाल्ली मीच. माझं पाप दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर टाकायला आलेलो नाही. पण मला सांभाळून घ्या म्हणालो होतो ना, मी?"

"अरे चोरा!" साळुंकी एकदम कडाडली. "आणि वर मला बोल लावतोस? मी कुणाला सांगितलं? एकाला तरी सांगितलं का? विचारा खारीला! मी फक्त देवाला सांगितलं!"

"हो, हो, देवालाच," खार घाईने म्हणाली, कारण ऐकणाऱ्यांत ती पहिली होती.

गवा इतका वेळ जमिनीकडे बघत विचार करत होता. गव्याचं डोकं मोठं. विचार या टोकापासून त्या टोकाला जायला वेळ लागतो. त्याने मान वर केली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "पण साळुंकीताई, देवाला खडकाचा रंग कशाला हवा होता?"

कुणी हसलं नाही. साळुंकीने उत्तर द्यायला चोच उघडली. ती उघडीच राहिली. त्या चोचीने तिला आजवर कधी दगा दिला नव्हता. तिने खारीकडे पाहिलं, खार शेपटी चाटू लागली. सशाकडे पाहिलं, ससा पाठमोरा झाला. मग तिची नजर टिटवीकडे गेली, आणि ती काय करून बसली आहे ते तिला तिथे, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा कळलं.

"चूक माझीही आहे," करकोचा म्हणाला. आज तो दोन्ही पायांवर उभा होता. "मला दर बुधवारी कळत होतं. प्रार्थना चाललीय, मध्ये कसं बोलायचं, म्हणून गप्प राहिलो. बोलायच्या जागी गप्प राहणारा पाळक काय कामाचा?"

साळुंकी पंख ओढत टिटवीपुढे आली. "टिटवे, मला क्षमा कर," ती म्हणाली. यापुढे आणखी बरंच बोलावं असं तिला वाटत होतं, पण शब्द आले ते एवढेच.

टिटवीने पोटाची पिसं सावरली. मग म्हणाली, "केली. प्रभूचं नाव घेतो आपण, क्षमा करावीच लागते. मुंगसा, तुलाही केली. तू भुकेला होतास, तुझी भूक मला कळते." तिने साळुंकीकडे न बघता विचारलं, "पण बाई, तुझी भूक कसली गं होती?"

आणि ती उडून गेली.

तुम्हाला वाटेल, चला, क्षमा झाली, संपलं. मलाही इथे थांबायला आवडलं असतं. एखादं शेपूट जोडून गोष्ट गोड करायला माझी काही हरकत नसते. या जिभेने मी याहून मोठमोठ्या थापा मारल्या आहेत. पण या गोष्टीला तसलं शेपूट बसत नाही.

पुढच्या बुधवारी करकोच्याने विचारलं, "कुणाची काही विनंती?" सगळे म्हणाले, "काही नाही. सगळं ठीक आहे, देवाची कृपा." सशिणीच्या पायात काटा मोडून पाय सुजला होता. ती म्हणाली, "सगळं ठीक आहे." खारीचं धाकटं तापाने फणफणत होतं. ती म्हणाली, "देवाची कृपा." ते पिल्लू गेलं तेव्हा त्याच्यावर माती लोटायला खार आणि तिचा नवरा दोघंच होती, आजारी होतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. गीतं होत राहिली, आमेनही होत राहिलं, पण त्या आमेनने बोरं पडेनात. मुंगूस आणखी काही दिवस वारुळापाशी येऊन बसला. मग वारुळाच्या मागे बसू लागला. मग दिसेनासा झाला, आणि टेकडीपलीकडच्या लाव्यांची अंडी नाहीशी होऊ लागली.

साळुंकी बदलली. अगदी खरी बदलली. आता ती सभेत मागे बसे आणि डोळे मिटून ओठातल्या ओठात बोले, म्हणजे चोचीतल्या चोचीत. कुणी काही सांगायला आलंच असतं, तर ते तिच्यापाशी विहिरीत पडलेल्या दगडासारखं राहिलं असतं. पण सांगायला कुणी येत नव्हतं.

पुढचा उन्हाळा आला. एका दुपारी साळुंकी माळावरून उडत होती. खाली तिला टिटवी दिसली. नवा जोडीदार दूर चरायला गेला होता, आणि ती एकटीच धावत डोहाकडे जात होती, निथळत परत येत होती. साळुंकीला कळलं, तिने पुन्हा अंडी घातली आहेत आणि कुणाला सांगितलेलं नाही. तिच्या मनात आलं, जावं आणि म्हणावं, 'टिटवे, तू पाण्यावर जा, तेवढा वेळ मी पंख पसरून सावली धरते.' दुसरं काही नको होतं तिला. ती हळूच माळावर उतरली आणि चालत निघाली.

टिटवीने तिला पाहिलं.

मुलांनो, कोल्हा किंवा मुंगूस आपल्या अंड्यांकडे येताना दिसला की टिटवी काय करते, सांगू? ती अंड्यांकडे जातच नाही. उलट्या दिशेला दूर पळते, एखाद्या रिकाम्या जागी पंख मोडल्याचं सोंग करून फडफडते आणि आकांत करते. शत्रूला वाटतं, हिची अंडी तिथेच असणार. तो तिकडे जातो आणि अंडी वाचतात.

टिटवी एका पंखावर कलंडली. पंख जमिनीवरून फरफटत ती दूर पळाली आणि एका उघड्याबोडक्या खडकापाशी जाऊन जिवाच्या आकांताने ओरडू लागली.

साळुंकी जागच्या जागी थबकली. हे सोंग ती लहानपणापासून बघत आली होती. तिथे काही नाही, हे तिला ठाऊक होतं. उलट बाजूला, अगदी जवळ, तिच्या पावलांपासून हाकेच्या अंतरावर कुठेतरी ती अंडी होती. तिने तिकडे मान वळवली नाही. टिटवीला जिकडे तिने जायला हवं होतं, तिकडेच ती चालू लागली. त्या रिकाम्या खडकापर्यंत गेली. तिथे चोचीने चार खडे उलटेपालटे केले, जणू काही शोधते आहे. आणि मग तशीच पुढे चालत राहिली, मागची ओरड थांबेपर्यंत.

तात्पर्य : एखाद्याने विश्वासाने सांगितलेलं दुःख ख्रिस्ताच्या माणसाने देवापाशी न्यायचं ते एकट्याने, दार लावून न्यावं. त्यावर प्रार्थनेचं पांघरूण घालून ते चारचौघांत मांडलं, तर ती चहाडीच होते; तिची क्षमा मिळेलही, पण ज्याचा विश्वास गेला त्याच्या घराची वाट पुन्हा सापडेलच असं नाही.